विसावा अर्थ

सकाळी सव्वाअकराला संपादकबाईंनी ‘उतरणे’ या शब्दाच्या कार्डांचा खोका नानांच्या टेबलावरून उचलला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. तिथे आठ महिन्यांपूर्वी रुजू झालेली सहायक बसायची.

शब्दकोशाच्या कचेरीत नानांची बावीस वर्षं झाली होती. ‘उतरणे’चे एकोणीस अर्थ त्यांनीच लावले होते: जिना उतरणे, ताप उतरणे, पाहुणे येऊन उतरणे. या पोरीने विसावा काढला. चित्र किंवा फोटो छान उतरणे.

“तुमच्या नजरेतून कसा सुटला हा?” संपादकबाई म्हणाल्या. “पोरीचा कान तिखट आहे.”

“कान तिखट, जीभ गोड. अजून काय हवं?” नाना म्हणाले. सगळे हसले. तीही मनापासून हसली, तेच नानांना जास्त झोंबलं.

कोशात अर्थ जायचा तर तीन निरनिराळ्या माणसांच्या तोंडची वाक्यं लागत. एकेका कार्डावर, टिपणाऱ्याच्या सहीनिशी. तिच्याकडे मोजून तीनच होती. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली, तसं नानांनी त्यातलं वरचं कार्ड न वाचताच खिशात टाकलं.

तीनच्या सुमारास हात धुवायला गेले तेव्हा बाहेर काढून वाचलं. ‘किती सुरेख उतरलाय हो तुमचा फोटो.’ खाली लिहिलेलं: बोलणारी, पत्नी. सही नानांची. तारीख नोकरीच्या पहिल्या वर्षाची. अर्थ त्यांनीच टिपला होता आणि साफ विसरले होते.

आता गुपचूप परत ठेवावं म्हणून ते आत आले, तर संपादकबाई तिच्या टेबलाशी उभ्या.

“दोनच आहेत गं.”

“तीन होती, मॅडम. तिसरं नानांचंच, जुन्या कपाटात सापडलं. पान छापायला तयार झालं की दाखवणार होते त्यांना.”

“काय हो नाना, आठवतंय?”

“हजारो कार्डं लिहिली. कुठलं कुठलं आठवू?”

“माझ्याच हातून गहाळ झालं असणार,” ती म्हणाली.

पाचला पान छापखान्यात जायचं होतं. पाचला दहा कमी असताना ती कपाटाच्या तळच्या खणापाशी बसून एकेक कार्ड उलटून बघत होती. संपादकबाईंनी पान अजून हातात धरून ठेवलं होतं. कार्ड नानांच्या खिशात होतं.