एका मापाच्या खुर्च्या

लढाईच्या दिवसांत गोहलपुरातल्या नथ्थूने तंबूच्या खुंट्या इतक्या स्वस्त विकायला काढल्या, की समोरच्या लाकूडकामाच्या कारखान्याचे मालक बापूसाहेब यांनी ठरवलं, खुंट्या त्यालाच लखलाभ! आपण छावणीतल्या साहेबांना घडीच्या खुर्च्या करून द्यायच्या. ज्याला जशी हवी तशी.

बेत झकास होता. मॅनेजर मात्र जुनेच, नीलकंठराव. अठरा वर्षं रेल्वेच्या भांडारात खिळा न् खिळा सांभाळलेला माणूस. त्यांनी वीसच्या वीस खुर्च्या एका मापाच्या केल्या, आणि वीसही परत आल्या. महिन्यात त्या गेल्या नाहीत तर कारखान्याला कुलूप लागणार होतं.

"मामंजी, मी बघू का काम?" सूनबाई विनताने विचारून पाहिलं. नवरा श्रीरंग फौजेत, कडेवर सहा महिन्यांची मीरा.

"तू काहून? रंधा तरी धरला का कधी?" बापूसाहेब हसले. विनताच्या मनातून मात्र ते काही जाईना.

मीरेच्या उष्टावणाला कारागिरांची पंगत बसली. वाढायला माणसं कमी, म्हणून नीलकंठरावांनी वरण घेतलं. सरसर, एकेक पळी, थेंब न सांडता पंगत पार! मागून विनता आली. "अंबादासजी, दाढ दुखून राहिली ना? हा मऊ भात घ्या. चिंतामणी भैया, तुम्ही वरण खात नाही, कढी आणते."

बापूसाहेबांचा घास हातातच राहिला. "नीलकंठराव, चिंतामणीला वरण काहून वाढलं?"

"सगळ्यांना वाढलं जी!"

बापूसाहेबांना हसता हसता ठसका लागला. "अच्छा! म्हणून साहेबांच्याही खुर्च्या सारख्या! चलो, उद्यापासून कोणाला काय पाहिजे ते सूनबाई विचारेल. लाकूड-खिळे तुमच्याकडे."

"सुटलो बुवा!" नीलकंठराव पळी कपाळाला लावत म्हणाले. "तो लंबू कप्तान विचारत होता, पाय कुठे ठेवू. मी काय सांगू?"

विनताने तिथेच, भरल्या पंगतीत, बापूसाहेबांच्या गुडघ्याला वीत लावली. "मामंजी, तुमची बैठक दोन बोटं उंच करते. उठताना कण्हता रोज."

"अगं, जेवू दे!"

महिनाअखेर ज्याच्या त्याच्या मापाला बदललेल्या वीसही खुर्च्या गेल्या, कुठली उंच, कुठली बुटकी, एक तर चक्क डावखुऱ्या साहेबाची. विनताला मात्र रस्त्याने कोणीही दिसलं, की तोंडाआधी त्याचे गुडघेच दिसायला लागले.