जिन्याखालच्या खोलीतला कॅरम

मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. मित्रांनो, जुना म्हणालो म्हणून लगेच तोंड वाकडं करू नका. माझी एक जाळी फाटली आहे, एका कोपऱ्याची ढलपी उडाली आहे, हे सगळं कबूल. पण चिमूटभर पावडर टाकून बघा, सोंगटी अजून कशी सरसर धावते ती! आपली स्तुती आपण करू नये म्हणतात. मग काय भिंतीवरच्या पालीने करायची?

माझा जन्म सोलापुरातलाच. शिवलिंगप्पा नावाच्या सुताराने मला घडवलं. माणूस भलता नादिष्ट. कागदाने घासायचा, मग माझ्यावर गाल टेकवून बघायचा आणि पुन्हा घासायला बसायचा. शेवटी त्याची बायको वैतागली. "आता काय झोपणार हाय का ह्याच्यावर?" असं म्हणून तिने त्याला जेवायला ओढून नेलं. असा लाडाकोडात मी वाढलो.

तिथून मी एका कॉलेजच्या मुलांच्या हॉस्टेलवर गेलो. सुरुवातीला माझी काय बडदास्त होती! रविवारी माझ्याभोवती मुंगीला शिरायला जागा नसायची. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे पुढे माझ्यावर चहाचे पेले आले, ओले टॉवेल आले. एका महाभागाने तर माझ्या पाठीवर शर्टाला इस्त्री केली. त्याचा डाग अजून आहे. त्या गाढवाचं नाव मी घेणार नाही, आता तो चांगला साहेब झाला आहे म्हणे. मग नवा बोर्ड आला आणि मला मोडक्या खाटांच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं. खेळायची हौस होती, पण माझ्याशी खेळायला कोणी नव्हतं.

तिथून मला रुद्राणीबाईंनी बाहेर काढलं. या बाई त्याच कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. अक्कलकोटकडच्या, त्यामुळे मराठीत मधूनच कानडी यायची. कॉलेजच्या जिन्याखाली केरसुण्या ठेवायची एक खोली होती. ती त्यांनी प्राचार्यांकडे मागितली.

"खेळाला एवढं मोठं ग्राउंड आहे की," प्राचार्य म्हणाले.

"ग्राउंडवर ज्यांना कोणी घेत नाही, त्यांच्यासाठी पाहिजे, सर," बाई म्हणाल्या.

प्राचार्यांनी चावी दिली. ते साल होतं एकोणीसशे चौऱ्याहत्तर. दर शनिवारी दुपारी बाई ती खोली उघडायच्या. थर्मासमध्ये चहा, मधोमध मी, भोवती चार स्टुलं. खोलीचा नियम एकच होता. इथलं बोलणं इथंच ठेवायचं.

मित्रांनो, तिथे कोण यायचं, हे तुम्हाला सरळ सांगतो. काही मुलांना मुलींऐवजी मुलगेच आवडतात. काही मुलींचा जीव मुलीवर जडतो. कोणाला वाटतं, आपण मुलग्याच्या अंगात आहोत खरे, पण आतून मुलगी आहोत. यात त्यांचा काही गुन्हा नाही. कोणी डावऱ्या हाताने स्ट्रायकर मारतो, कोणी उजव्या, तसंच ते. पण त्या वेळी अशी गोष्ट आईजवळसुद्धा बोलता येत नसे. मग ही मुलं कोपऱ्यात बसायची आणि बाकीची त्यांची टर उडवायची.

माझ्याभोवती मात्र त्यांना बोलता यायचं. का, सांगू? कॅरम खेळताना कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नाही. सगळ्यांची नजर सोंगटीवर असते. डोळ्यांत बघून जे जन्मात बोलता आलं नसतं, ते नेम धरता धरता माणूस बोलून जातो. मंगळवेढ्याची गोजर एकदा काळी सोंगटी ढकलता ढकलता म्हणाली, "बाई, माजं लगीन ठरवत्यात. पण मला माजी मैत्रीणच आवडती." बाई एवढंच म्हणाल्या, "बरं. मग आधी बी.ए. कर, घाई कशाला?" आणि स्ट्रायकर पुढे सरकवला. गोजर त्या दिवशी रडली आणि हरली, पण जाताना हसत गेली. अशा वेळी मला माझ्यावर गाल टेकवणाऱ्या शिवलिंगप्पाची फार आठवण यायची.

आता बाळासोची गोष्ट ऐका. बाळासो सांगोल्याकडचा. त्याचा बाप धुळाप्पा मेंढरं राखायचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. अभ्यासात पक्का, स्वभावाने गोगलगाय. त्याच्या खोलीतल्या मुलाला त्याच्याबद्दल कळलं आणि त्याने हॉस्टेलभर डांगोरा पिटला. "लपवलंस माझ्यापासनं," असं म्हणून तो दुसऱ्या खोलीत गेला.

हॉस्टेलची रीत अशी होती, की जूनमध्ये मुलांनी आपापले रूम-पार्टनर ठरवायचे आणि रेक्टरांना सांगायचे. ज्याला पार्टनर नाही, त्याने जागा सोडायची, कारण बाहेर जागेसाठी रांग असायची. बाळासोशी कोणी पार्टनर व्हायला तयार होईना. हॉस्टेल सुटलं की कॉलेज सुटणार होतं, कारण शहरात त्याला ओळखीचं घर नव्हतं. पुढच्या शनिवारी मुदत संपत होती.

त्या वेळी आमच्या खोलीत रावजी येऊ लागला होता. मोहोळचा. हॉस्टेलचा कॅरम चॅम्पियन. दणदणीत आवाज, पाठीमागे दोस्तांचं टोळकं. तो बापडा नुसता खेळायला यायचा. हॉस्टेलच्या नव्या बोर्डाला बाक आला होता ना! (मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.) रावजी आणि बाळासो एका बाजूने खेळत. रावजीचा जोर आणि बाळासोचा नेम. बाई आणि गोजरचं काही चालायचं नाही. रावजीचा जुना पार्टनर पास होऊन गेला होता. त्याच्या खोलीत एक खाट रिकामी होती.

मुदतीच्या आदल्या शनिवारी बाळासोने नेम धरला. पण स्ट्रायकर मारला नाही.

"रावजी, तुझ्या खोलीत येऊ का मी?" तो म्हणाला.

"ये की बे! त्यात काय?"

"थांब. आदी ऐक. पोरं माज्याबद्दल बोलत्यात ते खरं हाय. मला पोरी न्हाय आवडत. तुला न सांगता मी येनार न्हाय."

रावजीने मान वर केली. स्टूल मागे सारलं आणि निघून गेला. त्याच्या पावलांचा आवाज माझ्या डोक्यावरच्या जिन्यावर बराच वेळ येत राहिला.

बाळासोने सोंगट्या गोळा करायला हात पुढे केला. बाईंनी तो धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "डाव संपला नाही."

तो आठवडा मी सोंगट्या पसरलेल्या अंगाने काढला. मला रावजीचा इतका राग आला होता म्हणून सांगू! तो परत आला असता तर स्ट्रायकर उडवून त्याच्या नाकावर मारला असता. पण आम्हा लाकडांना हात नसतात.

पुढच्या शनिवारी, मुदतीच्या दिवशी, धुळाप्पा पोराला घरी न्यायला एस.टी.ने आला. पोराची ट्रंक खांद्यावर घेऊन तो बाईंचा निरोप घ्यायला खोलीत शिरला. बाई चटकन उठल्या. "कूडरी, कूडरी. म्हणजे बसा."

धुळाप्पा बसला नाही. त्याने फेटा सारखा केला आणि हळूच विचारलं, "बाई, माज्या पोरानं चोरीबिरी केली का वो? कुनी संगं ऱ्हाईना म्हनत्यात. खरं सांगा."

"चोरी नाही, काही नाही. सोन्यासारखं पोर आहे तुमचं."

"मग का वो?"

बाईंनी बाळासोकडे पाहिलं. तो खाली मान घालून उभा होता. "ते त्याला सांगावंसं वाटेल तेव्हा तोच सांगेल," बाई म्हणाल्या. "पण मान खाली घालावी असं त्यानं काहीच केलेलं नाही."

धुळाप्पाला ते पुरतं उमगलं नसावं. त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "चल बाबा. मेंढरं काय इचारत न्हाईत."

तेवढ्यात दारात रावजी आला. धापा टाकत, घामाघूम.

"काका, ट्रंक कुटं न्हेताय? खाली ठेवा की."

रावजी बाळासोसमोर येऊन उभा राहिला. त्याचा तो दणदणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"घाबरलो हुतो बे मी. पोरं मलाबी तसंच म्हनतील म्हनून. आठ दिवस डोस्कं भनभनत हुतं. आता रेक्टरला सांगून आलो, ह्यो माजा पार्टनर म्हनून. म्हनू देत काय म्हनायचं ते."

बाळासोला रडूच फुटलं. धुळाप्पा गोंधळून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. "काका, फकस्त एक सांगा," रावजी म्हणाला, "ह्यो घोरतो का?" धुळाप्पाने गंभीरपणे सांगितलं, "लई." आणि ट्रंक खाली ठेवली. मग बाईंना हसू आवरेना.

हे रावजीला स्वस्तात पडलं नाही. त्याचं टोळकं तुटलं. मेसमध्ये काही दिवस ते दोघेच एका बाकावर जेवायचे. पण दोघे पास झाले. बाळासो आता मास्तर आहे. सुट्टीत येतो तेव्हा मला पुसतो. बापाला त्याने अखेर सगळं सांगितलं. त्यावर धुळाप्पा म्हणाला, "एवढंच व्हय? मला वाटलं, तुला काय रोग हाय." हे सांगताना बाळासो इतका हसला, की त्याचा नेम चुकला.

ती खोली अजून शनिवारी उघडते. बाईंचे केस पांढरे झाले, मी झिजलो, पण आम्ही दोघे सुखात आहोत. माझी फाटकी जाळी कोणी शिवली तर उपकार होतील.

आणि मित्रांनो, आणखी एक मागणं. तुमच्या वर्गात कोणी एकटं बसत असेल, तर ते एकटं का, याची चौकशी करत बसू नका. रावजीला आठ दिवस लागले. तुम्ही एवढे घेऊ नका. त्याच्या समोर रिकामी जागा असते, तिथे जाऊन बसा.