अकरा कलमांची गाडी

विषय : तंजावुरात नोंदलेली लाल चारचाकी. हिचा ताबा कु. साईप्रिया गणेशकुमार (वय वर्षे अठरा, महिने चार) हिच्याकडे ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. हनुमंतराव, सेवानिवृत्त हेडक्लार्क, यांचा अकरा कलमी हुकूम. २) सदर हुकुमावर कु. साईप्रिया हिने न वाचता केलेली सही. ३) तिचा दिनांक ९ चा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, विषय म्हणजे मीच. मी ती लाल चारचाकी बोलतेय.

भाषेबद्दल माफी असावी. तेरा वर्षं एका हेडक्लार्कच्या दारात काढली की गाडीलाही ‘सदर’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. माझा जन्म चेन्नईजवळच्या एका कारखान्यातला. कंपनीचं नाव सांगत नाही. सरकारी नोकराच्या घरातली आहे, विनाकारण कोणाची जाहिरात करणं बरं दिसत नाही. एका पट्ट्यावरून आम्ही बहिणी-बहिणी एकामागून एक बाहेर पडलो. बाकीच्या वेगाने धावण्यासाठी गेल्या. मला हनुमंतराव मिळाले.

हनुमंतराव ताशी पंचवीसच्या वर कधी गेले नाहीत. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शेळ्या मला मागे टाकून जात आणि वळून बघत. वळणाआधी ते हॉर्न वाजवत, वळताना वाजवत आणि वळून झाल्यावर पोच म्हणून पुन्हा एकदा वाजवत. प्रत्येक फेरीची नोंद एका लांबट वहीत होई : तारीख, किलोमीटर, प्रयोजन. पापनाशमला बहिणीकडे गेले तर प्रयोजन ‘कौटुंबिक’. तिरुवैयारुला कावेरीकाठी नुसतेच जाऊन बसले तर ‘जलपातळीची पाहणी’. पाहणीचा अहवाल त्यांनी कोणाला पाठवला ते मला ठाऊक नाही.

अशी मी सुखात होते. मग त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला आणि कामाक्षीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, माझी किल्ली तांदळाच्या डब्यात पुरली. पुरे झालं म्हणाल्या. त्यापुढे अपील चाललं नाही.

आता साईप्रिया. ही त्यांची नात. बाप गणेशकुमार मस्कतला नोकरीत, आई त्याच्याबरोबर. कॉलेजसाठी मुलगी इथे आज्जा-आज्जीजवळ. शिकते बी.कॉम. बाप महिन्याला चार हजार पाठवी. ते एक तारखेला येत आणि दहा तारखेला, आले होते की नाही याबद्दल घरात मतभेद असत. फोनवर बोट टेकवलं की दारात खोकं येई. खोक्यातून कधी केसांना लावायची फुलपाखरं निघत, तर कधी मोबाइल ठेवायची उशी. मोबाइलला उशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या सीटला तेरा वर्षांत साधं कव्हर मिळालं नव्हतं.

हनुमंतरावांनी आधी उपदेश केला. तो तिने कानांत इयरफोन घालून शांतपणे ऐकला. मग एके दिवशी ते ओट्यावर बसून कामाक्षीबाईंना म्हणाले की, जनावर पाळल्याशिवाय चाऱ्याचा भाव कळत नाही. पोरीला गाडी देतो. कामाक्षीबाईंच्या हातातली कापी, म्हणजे कॉफी, पेल्याखालच्या डवऱ्यात सांडली. पण तांदळाच्या डब्यातून किल्ली निघाली.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मराठे राजांच्या काळापासून या घरात मराठी बोलतात. तिच्यात निम्मं तमिळ असतं, पण बोलतात मराठी. वाचत मात्र कोणी नाही. सगळे शिकले तमिळ आणि इंग्रजी. देवनागरी येते एकट्या हनुमंतरावांना, वडिलांनी छडी घेऊन शिकवलेली. त्याचा त्यांना इतका अभिमान की घरातला प्रत्येक हुकूम ते देवनागरीतच लिहून भिंतीला डकवत. ते कोणालाच वाचता येत नसत. म्हणून आजवर त्यांचा एकही हुकूम कोणी जाणूनबुजून मोडलेला नाही.

दोन जूनला सकाळी त्यांनी माझ्या बॉनेटवर चार पानं पसरली. अकरा कलमं, शाई काळी, समास दीड इंच. एका हातात पेन होतं, दुसऱ्या हातात किल्ली. साईप्रियाने किल्लीकडे बघत पेन घेतलं आणि चारही पानांवर सही ठोकली. अशी झोकदार सही मी बँकेच्या मॅनेजरचीही पाहिलेली नाही.

त्यानंतरचे दिवस! तेरा वर्षं जी शेळ्यांच्या मागून चालली, ती मी साठने गेले. माझ्यात तिसऱ्याच्या पुढेही गिअर आहेत हे मला तेव्हा समजलं. मैत्रिणी मागे चार कोंबल्या, गाणी इतकी मोठी की माझी दारं ताल धरत. सगळ्या एकमेकींना, ‘गं’च्या जागी ‘डी’ लावून, ‘काय डी, इकडे बघ डी’ करत आणि साईप्रिया ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, म्हणत सगळ्यांचं ऐके; रस्त्याचं सोडून. तिरुवैयारुला अशोका खायला गेलो. मूगडाळीचा तो तुपाळ हलवा पाचजणींनी माझ्यात बसून खाल्ला आणि हात माझ्या सीटला पुसले. मी रागावले नाही. तूप लागलं की म्हातारी हाडंही खूश होतात.

परतताना माझ्या पोटातला लाल दिवा लागला. साईप्रियाला वाटलं, शोभेचा आहे. भातशेतांच्या मधोमध मी थांबले. मैत्रिणींनी पाच मिनिटं ढकललं, दहा मिनिटं फोटो काढले आणि आलेल्या बसमध्ये चढून गेल्या. एकटी नंदिता थांबली. शेवटी स्कूटरवरून मेकॅनिक सुब्रह्मण्य बाटलीत पेट्रोल घेऊन आला. पेट्रोलचे दोनशे, येण्याचे दीडशे.

“पाप्पा,” लहान पोरीला म्हणावं तसं, पैसे मोजत तो म्हणाला, “गाडीला तोंड नसतं. पोट असतं.”

त्या महिन्यात पोटाखेरीज माझे इतर अवयवही तिला भेटले. पुढचं डावं टायर, वायपर, बॅटरी. प्रत्येकाने भेटीचं शुल्क घेतलं. खोकी येणं आधी कमी झालं, मग थांबलं. ऑगस्टपासून ती लाल दिवा लागायच्या आधीच काटा बघू लागली आणि मैत्रिणींना कॉलेजला सोडताना ‘पेट्रोलला वर्गणी’ म्हणू लागली. तेव्हा मैत्रिणींना एकाएकी चालण्याचे फायदे पटले. हनुमंतरावांना मात्र दर दोन-तीन दिवसांनी कुठे ना कुठे नेणं चालूच होतं : डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पापनाशमला, जलपातळीला. ते मागे बसत आणि गुडघ्यावर वही ठेवून नोंद करत.

सप्टेंबरच्या चार तारखेला पापनाशमचा नारळवाला राजगोपाल आला. मनुष्य अत्यंत सभ्य. चप्पल काढून माझ्यात शिरला, मागची सीट सुतळीने मोजली आणि स्वतःशीच म्हणाला की सीट उपटली तर दोनशे नारळ आरामात. माझ्या रेडिएटरमधलं पाणी थिजलं.

साईप्रिया पायऱ्या उतरून आली. काय चाललंय म्हणून विचारलं. राजगोपालने हात जोडून सांगितलं की, आज्जांनी शब्द दिलाय. वीस तारखेपर्यंत विमा भरला गेला नाही तर गाडी त्याची. कलम सात आहे ना. तुमची सहीसुद्धा दाखवली त्यांनी, फार सुंदर सही आहे.

विमा होता पाच हजार सहाशे चाळीस. तिच्याजवळ होते तीनशे दहा.

ती ओट्यावर गेली. हनुमंतराव वर्तमानपत्राआड होते. मी चार हातांवर उभी, सगळं ऐकत होते.

“आज्जा, विमा मी भरायचा हे मला कोणी सांगितलं नाही.”

“लिहून दिलंय. नक्कल तुझ्याजवळ आहे.”

“ते मला वाचता येत नाही.”

वर्तमानपत्र खाली आलं. “वाचता येत नव्हतं, तर सही का केलीस?”

“किल्ली तुमच्या दुसऱ्या हातात होती म्हणून.”

हे उत्तर खरं असल्यामुळे वर्तमानपत्राची घडी झाली. हनुमंतरावांनी एवढंच सांगितलं की, विमा स्वतःच्या कमाईतून भरायचा. बापाकडून नाही आणि आज्जीच्या डब्यातून तर मुळीच नाही, तसं कलमातच आहे. आतून कामाक्षीबाईंचा आवाज आला, “माझ्या डब्याला कलमात घालायला ह्यांना कोणी सांगितलं?” डबा तोवर निम्मा उघडलेला होता, तो पुन्हा बंद झाला.

साईप्रिया माझ्यात येऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोकं त्यावर. मी तिला काय सांगणार? हॉर्न तिच्या कपाळाखाली होता, तेवढा एकदा वाजला. आजवर मी वस्तू होते, कोणाच्या दारात उभी राहायचं हे माझं मत कोणी विचारत नव्हतं. पण त्या दिवशी मला नारळ नको होते. मला ही पोर हवी होती, तुपाच्या हातांसकट.

मग नंदिता आली. नंदिताची बोली तमिळ, पण लहानपणी तिने हिंदीच्या परीक्षा दिलेल्या. देवनागरी तिला वाचता येई, मराठी कळत नसे. साईप्रियाला मराठी कळे, देवनागरी येत नसे. हे ध्यानात येताच दोघी एकमेकींकडे अशा पाहू लागल्या, जणू एकीजवळ कुलूप निघालं आणि दुसरीजवळ किल्ली.

काचा वर केल्या. नंदिता एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचू लागली, स्वतःला अर्थ पाचातला एक लागत असताना. साईप्रिया डोळे मिटून ऐके आणि अर्थ सांगे. पहिली चार कलमं साधी होती. पाचवं असं की, वाहनचालकास दरवर्षी खाकी गणवेशाचे दोन जोड मिळतील. दोघी इतक्या हसल्या की माझे स्प्रिंग हलले. सहावं, चालकाने ड्यूटीवर विडी ओढू नये. सातवं राजगोपालवालं, तिथे हसू थांबलं. आठवं धुण्याचं. नववं नंदिताने वाचलं, साईप्रियाने डोळे उघडले आणि पुन्हा वाचायला लावलं.

‘साहेबांना नेल्याआणल्यास चालकास दर फेरीमागे रुपये दीडशे भत्ता देय राहील.’

उलगडा पुढे झाला. हनुमंतरावांनी हुकूम स्वतःच्या डोक्यातून लिहिलाच नव्हता. जन्मात त्यांनी कोणताही हुकूम डोक्यातून लिहिलेला नाही. ऑफिसच्या जीपड्रायव्हरसाठी एक जुना नमुना होता, त्यावरून मराठीत उतरवला. ‘जीप’ खोडून ‘गाडी’ केलं आणि सातव्यात विमा घातला. बाकी कलमं तशीच ठेवली. नमुन्यातलं कलम गाळायला वरिष्ठांची परवानगी लागते, आणि आता वरिष्ठ कोणी उरलेले नव्हते.

पुरावा शोधायलाही लांब जावं लागलं नाही. माझ्या मागच्या सीटवर पडलेल्या वहीत सगळ्या फेऱ्या होत्या, तारीखवार, खुद्द साहेबांच्या हस्ताक्षरात. आकडे तर कोणालाही वाचता येतात.

चौदा तारखेला साईप्रियाने बिल सादर केलं. अडतीस फेऱ्या, पाच हजार सातशे रुपये. भाषा मराठी, लिपी तमिळ, समास दीड इंच.

हनुमंतरावांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कामाक्षीबाई हसू दाबायला आत गेल्या आणि आत भांडी पडल्याचा आवाज आला. मग हनुमंतरावांनी वही मागवली आणि लाल पेन्सिल घेऊन ओट्यावर दोन तास बसले. साईप्रिया खांबाला टेकून नखं खात होती. मी रस्त्यावर उभी, मला खायला नखंही नव्हती.

“एक फेरी अमान्य,” ते शेवटी म्हणाले. “बारा ऑगस्ट, तिरुवैयारु. मी कोणत्याच पाहणीला निघालो नव्हतो. तुला अशोका खायचा होता.”

“सरी. सदतीस.”

“दोन फेऱ्या तू लावल्याच नाहीस. पापनाशम, दोनदा. एकोणचाळीस होतात.” त्यांनी आकडा खोडून वर नवा लिहिला. “कमी मागणं हीसुद्धा चूकच आहे. तीच आधी सुधारावी.”

पाच हजार आठशे पन्नास त्यांनी तिच्या हातावर मोजून ठेवले आणि पावतीवर सही मागितली. साईप्रियाने पावती उचलली, नंदिताला फोन लावून कॅमेऱ्यासमोर धरली, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घेतली आणि मग सही केली. हनुमंतरावांनी तोंड वर्तमानपत्राआड नेलं. पण माझ्या बाजूच्या आरशातून मला ते दिसत होतं. ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

विमा सोळालाच भरला. उरले दोनशे दहा. त्यांचं मला पेट्रोल मिळालं. राजगोपाल एकवीसला आला, कापी प्यायला, वाईट वाटून घेतलं नाही आणि साईप्रियाला सहीबद्दल पुन्हा शाबासकी देऊन बसने गेला.

एवढ्यावर ती थांबली असती तर हे टिपण लिहायची वेळ आली नसती. पण वाचायची चटक वाईट. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला तिने आज्जांकडे अर्ज केला : सदर गाडी नोंदणीसकट अर्जदाराच्या नावे करावी. सोबत चार महिन्यांच्या खर्चाचा तक्ता, मी कधी काय खाल्लं त्याच्या पावत्या आणि नव्या हुकुमाचा मसुदा, हाही तमिळ लिपीत. कलमं चारच. चौथं असं : आज्जांना तहहयात फेरी विनामूल्य, पुढच्या सीटवर, मात्र त्यांनी पायाखाली नसलेला ब्रेक दाबू नये.

हनुमंतरावांनी मसुदा घेतला. नीट वाचल्याशिवाय सही करणार नाही म्हणाले. पहिली तीन कलमं त्यांना मान्य आहेत, तसं त्यांनी समासात लिहिलंय. चौथ्यापाशी पेन थांबतं. रोज सकाळी ते पुढच्या सीटवर बसतात, वळण आलं की उजवा पाय आपोआप रुततो, ते खाली पायाकडे बघतात, आणि घरी आल्यावर मसुदा पुन्हा कपाटात जातो.

माझं मत विचारण्यात आलेलं नाही. विचारल्यास हरकत नाही असं कळवावं, ही वाचणाऱ्यांना विनंती.

आज एकवीस ऑक्टोबर. अर्ज मंजूर झालेला नाही, नामंजूरही झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.