अडलेल्याची घंटी

मित्रांनो, वरच्या बटणावर बोट दाबलं की ‘टण्ण’ करणारी, उपड्या वाटीसारखी पितळी घंटी तुम्ही कुठल्या ना कुठल्या टेबलावर पाहिली असेल. तशीच एक घंटी मी आहे. आता वय झालं आहे, काठ काळवंडला आहे, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पितळेची चकती साच्यात दाबून माझी वाटी बनली आणि आत बोटभर हातोडी बसली. तिथला कारागीर प्रत्येक घंटी वाजवून बघायचा. माझा सूर त्याला पटेना, म्हणून त्याने माझा काठ किंचित घासला, पुन्हा वाजवलं आणि मान डोलावली. घंटी म्हणजे तरी काय, थरथरणारं पितळ! कुणी मला मुठीत गच्च धरलं, तर हातोडी कितीही आपटली तरी मी मुकी.

माझी पहिली नोकरी एका हॉटेलच्या काउंटरवर होती. “अहो, कुणी आहे का इथे?” असं ओरडत लोक मला बडवायचे आणि आतून कुणीतरी घाबऱ्या चेहऱ्याने धावत यायचं. माझा आवाज ऐकून कुणी कधी हसल्याचं मला आठवत नाही. पुढे काउंटर बदललं आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचले.

तिथून मला ताईने उचललं. रुग्णाला थेंबथेंब औषध देणाऱ्या पंपासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या एका गटाची ती प्रमुख होती. तिने मला सगळ्यांच्या मधल्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “ज्याचं काम अडेल त्याने ही वाजवायची. वाजली की सगळ्यांनी हातातलं थांबवायचं. कोणी चूक केली हे विचारायचं नाही, का झाली हे विचारायचं. आणि वाजवणाऱ्याला सगळ्यात आधी म्हणायचं, बरं झालं वाजवलीस.”

त्या टेबलावरचे दिवस मी विसरणार नाही. लोक मला वाजवायचे आणि खुर्च्या सरकवत एकमेकांजवळ यायचे. हुकमाची घंटी होते, मदतीच्या हाकेची झाले. फक्त काकांनी मला कधी हात लावला नाही. ते गटातले सर्वांत अनुभवी. दुसऱ्याने वाजवलं की पहिले धावायचे तेच.

मग सगळे आपापल्या घरून काम करू लागले. ऑफिसची खोली रिकामी झाली आणि मी एका खणात, सुकलेल्या पेनांच्या शेजारी पडून राहिले. त्या काळोखात माझ्यावर हिरवट डाग चढले. आपलं काम संपलं, असं मला वाटलं.

खोली सोडायची वेळ आली तेव्हा खण आवरताना मी ताईच्या हाती लागले. “अगं, तू इथे आहेस होय!” ती म्हणाली. तिने मला घरी नेलं, लिंबाने चोळून लख्ख केलं आणि लॅपटॉपशेजारी बसवलं. तिथेच मला कळलं, की काका गट सोडून चालले आहेत.

“पुढच्या महिन्यापासून मला धरू नकोस,” काका फोनवर म्हणत होते. “वय झालं गं. दिवसभर बसतो आणि एक काम हातावेगळं होत नाही.”

ताईने समजूत काढली नाही. ती म्हणाली, “काका, मला नुसतं बघू द्या. तुम्ही रोजच्यासारखं काम करा, मी पडद्यावर बघत बसते.”

ती बघत बसली आणि मी ऐकत बसले. काकांच्या लॅपटॉपमधून सारखा ‘टिंग’ असा आवाज यायचा. कुणाला परवानगी हवी, कुणाला उत्तर हवं, कुणाला ‘फक्त एक मिनिट’. त्या टिंगचा मला जरा रागच आला. केवढीशी ती, आणि केवढा तिचा रुबाब!

“काका,” ताई हळूच म्हणाली, “तुम्ही हळू काम करत नाही. तुम्हाला कुणी काम करूच देत नाही. सगळ्यांची अर्धी कामं तुमच्या दारात वाट बघत उभी आहेत.”

दुसऱ्याच दिवशी नवे नियम आले. एकाच्या हाती एका वेळी दोनच कामं. कुणी कुणावर काम ढकलायचं नाही. हात मोकळा झाला की आपण होऊन पुढचं ओढून घ्यायचं. सोप्या परवानग्या आपसातच द्यायच्या. आणि माझा आवाज सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये बसवायचा. कुणीही बटण दाबलं, की प्रत्येक घरात मी वाजणार!

आवाज मुद्रित करताना मोठी गंमत झाली. ताईने मला वाजवलं, की तिच्या सासूबाई जाऊन दार उघडायच्या.

“कुणीच नाहीये गं बाहेर!”

“आई, घंटी माझ्या टेबलावरची आहे.”

“मग दारावरची काढून टाक, माझे गुडघे तरी वाचतील!”

अखेर मी घराघरात पोहोचले, पण वाजले नाही. प्रोग्राममधल्या चुका शोधणारी गटातली तपासनीस म्हणाली, “ताई, सगळं सुरळीत दिसतंय.” ताई म्हणाली, “मला नाही वाटत. घंटी वाजत नाही म्हणजे कुणीतरी गप्प बसून सोसतंय.”

आणि एके दुपारी मी वाजले. सगळ्यांचे हात थांबले. एकेक करत सगळे ताईच्या लॅपटॉपच्या पडद्यावर जमले. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

“मी वाजवली,” काका म्हणाले. “अडलोय.”

मग तपासनीस म्हणाली, “बरं झालं वाजवलीत, काका. आम्हाला वाटलं होतं, तुमच्या लॅपटॉपला ते बटणच नाही!” सगळे हसले, काकाही.

त्यांची अडचण साधी नव्हती. औषधाचं प्रमाण बदललं, तरी पंपाच्या पडद्यावर क्षणभर जुनाच आकडा दिसत होता. नर्सने तेवढ्यात तो वाचला तर? काकांनी आपला सगळा प्रोग्राम पुन्हा पुन्हा उलगडून पाहिला होता आणि चूक सापडत नव्हती. रोज वाटायचं, आपलंच डोकं आता चालत नाही.

“का दिसतो जुना आकडा?” ताईने विचारलं.

“थांबा, थांबा,” पंपाच्या पडद्याची सजावट करणारी चित्रकार मध्येच म्हणाली. “आकडा अलगद सरकत बदलावा असं मीच केलंय. छान दिसतं म्हणून! काका, तुमचा आकडा वेळेवरच येतोय हो. उशिरा दाखवतेय मी.”

तिने ते सरकणं तिथल्या तिथे काढून टाकलं. काकांनी प्रमाण बदलून पाहिलं. नवा आकडा लगेच उमटला.

“आणि मी एकटाच भिंतीवर डोकं आपटत होतो,” काका म्हणाले.

बाकी सगळे पडद्यावरून निघून गेल्यावर काका ताईशी बोलायला थोडा वेळ थांबले. “पुढच्या महिन्याचं मी काहीतरी बोललो होतो बघ,” ते म्हणाले. “ते सोडून दे.” ताईने डोळे पुसले आणि मग उगाचच फडक्याने मलाही पुसलं.

मित्रांनो, ज्या माणसांनी मला खणातून काढून पुन्हा कामाला लावलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा पुसून बघा, एवढं मी मागेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. दूर बसून तुमच्यासोबत काम करणाऱ्या माणसाच्या कपाळावरची आठी तुम्हाला दिसत नाही. तो गप्प असेल तर आपण होऊन त्याची चौकशी करा, आणि त्याने हाक मारलीच तर आधी त्याचे आभार माना. हाक मारायला किती धीर लागतो, हे बटणावर थबकलेल्या बोटांवरून मला कळतं.