शिशाच्या डब्यातला खुळखुळा

मी एक जुना, बुटका, शिशाचा डबा आहे मित्रांनो, आणि माझं झाकण आता नीट बसत नाही. तुम्ही मला पाहिलंत तर हसाल. उंची म्हणाल तर स्वयंपाकघरातल्या कळशीएवढी आणि वजन मात्र असं, की धडधाकट माणसानेही उचलण्याआधी कंबरेला हात लावावा. भिंती जाडजूड आणि पोट एवढंसं! एका बोटाएवढी नळी मावेल, इतकंच. पण त्या एवढ्याशा पोटासाठीच मला घडवलं होतं.

कारखान्यात वितळलेलं शिसं साच्यात ओतून माझा जन्म झाला. वर पोलादी पत्रा चढला, झाकणाला बोल्ट आणि कुलूप बसलं आणि अंगावर तीन पात्यांची एक खूण कोरली गेली. मग माझ्या पोटात एक स्टीलची नळी ठेवली. त्या नळीत तांदळाच्या कणीएवढा एक दाणा होता. दिसायला साधा, पण त्याच्यातून सतत किरण निघत. त्यांना रंग नाही, वास नाही, आवाज नाही. दवाखान्यात हेच किरण मोजून मापून आजारी माणसाच्या गाठीवर सोडतात आणि गाठ विरघळते. मोजमाप सोडून सोडले तर तेच किरण चांगलं अंगही जाळतात. म्हणून दाण्याला कायम कुणाच्या तरी पोटात राहावं लागतं. दवाखान्यात यंत्राच्या आणि वाटेत माझ्या.

ताजा दाणा दवाखान्यात पोचवायचा आणि थकलेला परत कारखान्यात आणायचा, हे माझं काम. कितीतरी वर्षं मी ते केलं. दवाखान्याच्या तळघरातल्या तंत्रज्ञबाई मला पाहिलं की म्हणत, "आला बाई आमचा भीमसेन!" आणि माझ्या झाकणावर थाप मारत. ती थाप मला फार आवडायची. निघताना त्या ड्रायव्हरला दर वेळी बजावत, "दाणा थकलाय म्हणजे निजलाय असं समजू नका हं. अजून दहा जणांना भाजून काढेल एवढा जागा आहे तो."

शेवटच्या खेपेला जो ड्रायव्हर होता, त्याला कारखान्याच्या गोदामात सगळे 'ससा' म्हणत. पोरगेलासा, मऊ बोलणारा, कुठे खट्ट झालं की दचकणारा. त्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि ही बातमी त्याने आनंदाने सगळ्यांना सांगितली, तीच त्याची चूक झाली.

"ससेभाऊ," मुकादम म्हणाला, "या डब्याला पाठीशी घेऊन गाडी चालवतोस होय? तुझं पोर अंधारात चमकणार बघ."

"चमकलं तर चांगलंच की! घरात बल्ब लावायला नको," दुसरा कुणीतरी म्हणाला आणि सगळे खो खो हसले.

ससाही हसला, पण त्याच्या कानात ते शब्द राहिले.

माझी जागा गाडीत ठरलेली होती. केबिनच्या मागे पोलादी कोंदण होतं, त्यात मला बसवून पट्ट्यांनी आवळत. मी बंद असलो की तिथे बसून कुणाला काही होत नव्हतं. तसं तर मला घडवलंच होतं. पण सशाला प्रशिक्षणातलं एकच वाक्य नीट आठवत होतं. किरणांपासून जितकं लांब, तितकं बरं. वाक्य खरंच होतं. गावाबाहेर आल्यावर त्याने गाडी थांबवली, माझ्या पट्ट्या सोडल्या आणि मला लाकडी खोक्यासकट ढकलत ढकलत पार मागच्या दारापाशी नेऊन ठेवलं.

"रागावू नकोस हं," तो मला म्हणाला. खरंच म्हणाला, मित्रांनो. "माझं काही नाही रे, पण घरी गेल्यावर मी तिच्याजवळ बसतो ना."

मी काय रागावणार! पोटात जीव जपण्याची काळजी माझ्याइतकी कुणाला कळणार? पण त्या मागच्या दाराची कडी सैल आहे, हे मला दिसत होतं. ओरडून सांगावं तर तोंड नाही, धरून ठेवावं तर हात नाहीत.

वळणावर एक खड्डा आला, गाडीने उसळी मारली, कडी निघाली आणि मी बाहेर. लाकडी खोकं फुटलं. त्याच्यावरचा पिवळा धोक्याचा कागद वाऱ्याने उडून गेला. मी उतारावरून गडगडत गवतात जाऊन चिखलात रुतलो. कुलूप तुटलं होतं. गाडीचा आवाज लांब लांब गेला आणि ऐकू येईनासा झाला.

मला उचललं ते एका बाइंडरने. पुस्तकं शिवून, चिकटवून, पुठ्ठे चढवणारा म्हातारा. कागदांचे गठ्ठे हातगाडीवरून घरी नेत होता. मला पाहून त्याने आधी पायाने डिवचलं, मग वाकून उचलायला गेला आणि "आई गं!" म्हणून खाली बसला. पण चेहरा मात्र खुलला. खळ लावलेली पुस्तकं सुकेपर्यंत दाबून ठेवायला त्याला असंच काहीतरी जड हवं होतं. जुन्या दाबयंत्राचा स्क्रू कधीचा झिजला होता. मग हातगाडी कलती करून, ढकलत ढकलत त्याने मला तिच्यावर चढवलं आणि घरी आणलं.

त्याच्या घराला दोन खोल्या आणि एकच दार. पुढच्या खोलीत कामाचं टेबल, खळीचं भांडं, कागदांच्या चळती आणि मधोमध पाळणा. मागच्या खोलीत चूल आणि मोरी. बाळाला ते 'भोपळी' म्हणत, कारण ती होतीच तशी. भोपळीची आई पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही हातांनी पुस्तकं शिवायची. बाळ निजलं की भराभर टाके पडत. जागं झालं की सुई तशीच कागदात राही.

"बाबा, याच्यावर काहीतरी खूण आहे," माझा चिखल पुसताना ती सासऱ्याला म्हणाली. "तीन पाती आहेत."

"पंख्याच्या कंपनीचं असेल."

"एवढ्या जड पंख्याने वारा यायचा की घर पडायचं?"

"तू पुस्तक शीव बरं. सगळ्यातच तुझं नाक!"

ती हसली आणि सुईत दोरा ओवू लागली. मी मनात म्हटलं, बाई गं, अजून एकदा विचार. अजून एकदाच. पण भोपळी रडली आणि ती उठली.

मी बंद होतो तोवर भीती नव्हती. मी पुस्तकांवर बसत होतो, पुस्तकं सपाट होत होती. पण पडताना माझ्या पोटातली नळी सैल झाली होती. बाइंडर मला एका चळतीवरून दुसऱ्या चळतीवर सरकवायचा, तेव्हा आतून बारीक आवाज यायचा, किण्. एकदा भोपळी गळा काढून रडत होती, तेवढ्यात तो आवाज झाला आणि ती गप्प झाली. डोळे मोठ्ठे करून बघू लागली.

"बाबा, पुन्हा सरकवा!"

त्याने सरकवलं. किण्. भोपळी खुदकन हसली. मग काय विचारता! म्हातारा घामाघूम होईपर्यंत मला इकडून तिकडे ओढत राहिला. "जन्मात कुणाची हमाली केली नाही," तो धापा टाकत म्हणाला, "आता नातीची करतोय."

तिकडे कारखान्याची माणसं मला शोधत होती. गाडी रस्त्यावरून हळूहळू जायची, तिच्यात मीटर असायचं. किरण लागले की टकटक वाजणारं. एका सकाळी ती गाडी घरासमोरून गेली. मी इथे आहे, इथे! पण मी माझं काम इतकं चोख करत होतो की आतला किरण रस्त्यापर्यंत पोचतच नव्हता. मीटर गप्प राहिलं. ज्या गुणासाठी लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, त्याच गुणाने मला लपवून टाकलं. गाडी निघून गेली.

आणि मग म्हाताऱ्याच्या मनात ते आलं. एवढा मोठा डबा हलवण्यापेक्षा आतला खुळखुळाच काढून पोरीला दिला तर?

सून बाळाला आंघोळ घालायला मागे गेली होती. तिला चकित करायचं म्हणून त्याने पाना आणला. माझे बोल्ट तो फिरवू लागला. मी घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण डब्याने किती धरायचं? गंज होता तेवढा वेळ धरलं. शेवटचा बोल्ट निघेना, तेव्हा त्याने छिन्नी मारली. झाकण वाकलं आणि उघडलं. दोन बोटं आत आली आणि नळी बाहेर गेली.

माझं पोट कधी असं उघड्यावर रिकामं झालं नव्हतं.

त्याने नळी कानाशी हलवली, किण्. समाधानाने मान डोलावली. पुस्तक शिवायचा लाल दोरा घेतला, नळीला गाठ मारली आणि ती पाळण्यावर टांगली, बाळाचं तोंड येतं बरोब्बर तिथे.

"सूनबाई, आणा आमच्या भोपळीला! गंमत आहे."

"आले हं, अंग पुसते."

मी टेबलावर आ वासून पडलो होतो. नळी पाळण्यावर हलत होती.

"आण गं लवकर!"

"बाबा, टोपडं तरी घालू द्या की! गंमत काय पळून जातेय?"

घाल बाई. टोपडं घाल, काजळ घाल, पायात मोजे घाल. जेवढं म्हणून काही घालता येईल तेवढं घाल, पण येऊ नकोस.

आणि तेव्हाच रस्त्यावर मीटर वाजू लागलं. टकटक नाही, नुसता कडकडाट. माझं झाकण उघडलं होतं ना! दारात ससा उभा होता. पायांना चिखल, चेहरा उतरलेला. रोज गाडीमागून पायी हिंडत तो घरोघर विचारत होता, हे पुढे कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. आधी पाळण्याकडे पाहिलं.

"काका, बाळ कुठंय?"

"आत आहे. पण तू कोण रे?"

"तो डबा माझ्याच गाडीतून पडला. काका, तुम्ही आधी बाहेर व्हा. लांब, त्या झाडापलीकडे जा. वहिनी! बाळाला घेऊन मागच्या भिंतीला चिकटून बसा. काही झालं तरी या खोलीत पाऊल टाकू नका!"

"अहो, पण झालं काय?" ती आतून ओरडली. भोपळी रडायला लागली.

घराला दार एकच, आणि त्याची वाट पाळण्यावरून. बाळाला बाहेर काढायचं तर तिथूनच काढावं लागणार होतं. ससा उंबऱ्यावर थांबला. पाय पुढे पडेना. त्याच्या मनात कोण होतं ते मला ठाऊक होतं. मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते तर मी स्वतः गेलो असतो. पण मी डबा. कुणीतरी नेल्याशिवाय मी कुठेच जात नाही.

मग तो आला. ज्याला मी पाठीशीसुद्धा नको होतो, त्याने मला छातीशी कवटाळलं. टेबलावरून ओढून, धापा टाकत पाळण्याजवळ नेलं, आतली दुपटी बाहेर फेकली आणि मला पाळण्यात नळीच्या बरोबर खाली ठेवलं. पाळणा करकरला. त्याने कागद कापायची लांब कात्री घेतली, हात ताणला, तोंड फिरवलं आणि दोरा कापला.

किण्.

नळी माझ्या पोटात आली. त्याने वाकडं झाकण दाबलं आणि त्यावर अंग टाकून तो तसाच पडून राहिला, गाडी जाऊन कारखान्यातली जाणती माणसं घेऊन येईपर्यंत.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नळी दुसऱ्या डब्यात गेली. भोपळीला आणि तिच्या आईला काही झालं नाही म्हणे, पण दरवर्षी तपासायला बोलावलंय. म्हाताऱ्याची ती दोन बोटं आधी लाल झाली, मग फोडांनी भरली. आता त्यांत सुई धरवत नाही. सून शिवते आणि तो शेजारी बसून दोरा ओवायला सांगतो. ससा आता गाडीवर नाही.

मी गोदामाच्या कोपऱ्यात आहे. वाकलेलं झाकण सरळ होत नाही, म्हणून मला कामावर घेत नाहीत. परवा दोन हमाल माझ्याशेजारी बसले होते.

"सशाकडे काय बातमी?" एकाने विचारलं.

"बाळंतपणाला अजून दिवस आहेत," दुसरा म्हणाला. चमकण्याची थट्टा कुणी केली नाही.

मित्रांनो, तीन पात्यांची खूण कुठे दिसली, तर ती पंख्याची नसते एवढं लक्षात ठेवा. हात लावू नका, लांब व्हा आणि मोठ्यांना सांगा. आणि तुम्ही मोठे व्हाल, कुणाचं ओझं वाहाल, तेव्हा ज्या जागी ते बांधायला सांगितलंय तिथेच बांधा. भीती वाटली तर विचारा. विचारणाऱ्याला कुणी हसलं, तर हसू द्या.

माझ्या झाकणाच्या फटीत लाल दोऱ्याचा एक तुकडा अजून अडकलेला आहे. त्याला आजोबांनी मारलेली गाठ तशीच आहे. वारा आला की तो हलतो आणि मी बातमीची वाट बघतो.