चार दहाची नोंद

मृणालने खड्ड्यावरचं लोखंडी झाकण दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं आणि गुडघ्यांवर बसून आत पाहिलं. यंत्र ठीक होतं. बॅटरी ठीक, वायरी ठीक, उंदरांनीही काही कुरतडलेलं नव्हतं. तिला थोडं वाईटच वाटलं. काहीतरी बिघडलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं.

"काकू, चारच्या सुमाराला तुम्ही इकडे येता का हो कधी? फुलं तोडायला वगैरे?"

सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभ्या होत्या. पायरी उतरून त्या परसात आल्या नव्हत्या.

"नाही गं बेटा. मी तर हे दारच बंद ठेवते. तू आलीस म्हणून उघडलं."

भोपाळच्या अवधपुरीतल्या या घराच्या परसात ते यंत्र आठ वर्षांपासून होतं. जमिनीचा कल मोजणारं, आणि भलतंच हळवं. आठ-दहा पावलांवर कुणी येऊन उभं राहिलं तरी त्या वजनाने जमीन किंचित कलते, ते त्याला कळायचं, आणि किती, कोणत्या दिशेला कलली तेही कळायचं. मृणालला खरं तर माणसांच्या वजनाशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा विषय तिबेटचं पठार. भारताची भूमी उत्तरेला सरकत तिबेटच्या खाली घुसते, ते पठार उचलून धरते आणि त्या भाराने स्वतः वाकते. पुठ्ठ्याचं एक टोक टेबलाच्या कडेवरून खाली दाबलं की मागचा भाग उचलला जातो, तसा मध्य भारत उचलला जातोय आणि भोपाळ त्या फुगवट्यावर बसून दर वर्षी जराजरासं कलतंय, असं तिचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला सलग दहा वर्षांच्या नोंदी हव्या होत्या. आठ झाल्या होत्या.

त्यातली जवळजवळ सात वर्षं केशवरावांची. सुशीलाबाईंचे यजमान केशव देवपुजारी मंडीदीपच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झालेले. मृणाल खड्डा खणायची परवानगी मागायला आली तेव्हा त्यांनी तासभर तिचीच उलटतपासणी घेतली होती, आणि परवानगी दिल्यावर दुसऱ्याच दिवशी एक रजिस्टर घातलं होतं. खड्ड्याजवळ कोण आलं, कधी आलं, किती मिनिटं थांबलं, सगळं त्यात. त्यांच्या स्वतःच्या फेरीची वेळ ठरलेली होती, चार वाजून दहा मिनिटं. झाकण पाहायचं, परसाला एक चक्कर मारायची आणि सव्वाचारला आत चहाला यायचं. रजिस्टर पाहून मृणाल तेवढी मिनिटं आलेखातून काढून टाकायची. असा नोंदी ठेवणारा माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात मिळणार नाही, असं ती विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगायची.

गेल्या वर्षी सप्टेंबरात केशवराव वारले. रजिस्टर थांबलं. चार वाजून दहा मिनिटांनी जमीन मात्र कलतच राहिली.

आधी तिला वाटलं, सुशीलाबाई जात असतील. मग वाटलं, शेजारचा पंप असेल. पण पंप कुठला एवढा वक्तशीर असायला, आणि तोही लाइट गेलेल्या दिवशी? शेवटी तिने चौदा महिन्यांच्या चार-दहाच्या जागा एका कागदावर मांडल्या. पहिल्या महिन्याचा ठिपका कुंपणालगतच्या सीताफळाशी होता. पुढच्या महिन्याचा तिथून एक पाऊल अलीकडे. असं महिन्याला एक पाऊल, कधी दीड. शेवटचा ठिपका कुठे पडला ते पाहून तिने लॅपटॉप मिटला आणि भरदुपारी ऑफिसातले सगळे दिवे लावले.

तो कागद आज तिच्या पर्समध्ये होता. आठवड्यापूर्वी प्रसादचा, सुशीलाबाईंच्या मुलाचा, नागपूरहून फोन आला होता. आईला डिसेंबरात इकडे आणतोय, घर भाड्याने देणार, तेव्हा तुमचं यंत्र उचलून घ्या. भाडेकरू म्हणजे मुलं, स्कूटर, ये-जा, आणि आठ वर्षांच्या मेहनतीवर पाणी. सुशीलाबाई इथे राहिल्या तरच काम पुरं होणार होतं. ज्या बाईचा नवरा रोज परत येतो ती घर सोडून कशी जाईल? हा विचार सुचला तेव्हा मृणालला स्वतःची लाज वाटली होती. तरी कागद तिने आणलाच होता.

आत येऊन सुशीलाबाईंनी मागच्या दाराला कडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं. चार वाजून गेले होते. प्रसादच्या फ्लॅटबद्दल, तिथल्या लिफ्टबद्दल बोलून झालं. मग मृणालने पर्सची चेन उघडली.

"काकू, यंत्रात एक गोष्ट दिसतेय. कशी सांगू कळत नाही. काकांच्या..."

"दारापर्यंत आले ना हे?"

मृणालचा हात पर्समध्येच राहिला.

सुशीलाबाईंनी शांतपणे चहा गाळला. त्यांना यंत्राची गरज पडली नव्हती. एक्केचाळीस वर्षं चार वाजले की त्यांच्या पोटात गोळा यायचा, तो सुतकातही चुकला नाही. तेव्हा थोडा तरी हलका होता. आता आधण ठेवतानाच हातपाय गार पडायचे. केशवरावांनी कधी हात उगारला नाही, हे त्यांनी आवर्जून सांगितलं. ते फक्त विचारायचे, आधी कारखान्यातून घरी आले की, आणि रिटायर झाल्यावर फेरी मारून आत आले की. कुठे होतीस, किती वेळ, कुणाशी बोललीस. उत्तर जुळलं नाही की पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.

"तुझं यंत्र आलं आणि यांना एकदम बहानाच मिळाला," त्या म्हणाल्या. "आधी सगळं तोंडी होतं. मग वहीत लिहायला लागले."

मृणालला रजिस्टरची पानं आठवली. 'सौ., तुळस, तीन मिनिटे.' 'सौ., कुंपणाशी, शेजारीण, अकरा मिनिटे.' त्यावर ती हसली होती, विद्यार्थ्यांना वाचून दाखवलं होतं. तिला आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"मी जाऊ ना गं नागपूरला? तुझं काम अडेल, असं प्रसाद म्हणत होता."

मृणाल उत्तर देणार तोच सुशीलाबाईंनी तिला हाताने थांबवलं. पदर सारखा केला आणि बंद दाराकडे न पाहता, खालच्या आवाजात म्हणाल्या,

"घरीच आहे मी. कुठे गेले नव्हते."

बाहेर काहीच वाजलं नाही. मृणालने घड्याळ पाहिलं नाही, तिची हिंमत झाली नाही. कपातला चहा निवत गेला. बऱ्याच वेळाने सुशीलाबाईंचे खांदे सैल पडले, तेव्हा आपणही श्वास रोखून बसलो होतो हे तिला कळलं.

"जा काकू," ती म्हणाली. "यंत्राचं मी बघते. तुम्ही खुशाल जा."

कागद तिने बाहेर काढलाच नाही.

सुशीलाबाई पाच डिसेंबरला नागपूरला गेल्या. जाताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी बजावलं होतं. मृणालचं काम होईपर्यंत घर बंद राहील, भाडेकरू ठेवायचा नाही, असं प्रसादनेच फोनवर सांगितलं. मृणालला तिची दोन वर्षं न मागता मिळाली.

सहा तारखेच्या नोंदीत चार वाजून दहा मिनिटांपाशी काहीच नव्हतं. सात तारखेलाही नव्हतं. आठवडाभर रेघ अशी सरळ चालली की तिबेटचा सगळा भार तिच्यात वाचता यावा. इतकी स्वच्छ नोंद आठ वर्षांत मिळाली नव्हती आणि मृणाल मनापासून खूश होती. मग एका सकाळी दात घासताना तिच्या ध्यानात आलं की केशवराव काही परसासाठी येत नव्हते. ब्रश तोंडात तसाच धरून ती कितीतरी वेळ बेसिनपाशी उभी राहिली.

त्यानंतर तिने दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगणार काय? आई सकाळी बागेत जाते, बायकांत तासभर गप्पा मारते, दुपारी गाढ झोपते, असं प्रसाद सांगत होता.

एकवीस तारखेला फोन सुशीलाबाईंचाच आला. चार वाजून गेले होते. मृणाल ऑफिसात होती. आवाज इतका मोकळा की आधी तिने ओळखलाच नाही. सुनेने ड्रेस घालायला लावला, बागेतल्या बायकांबरोबर रामटेकला जायचं ठरलंय, असं बरंच काही सांगून झालं. मग त्या म्हणाल्या,

"एक विचारू? हे अजून येतात का गं तिकडे?"

समोरच्या पडद्यावर सोळा दिवसांची रेघ होती, कुठेही न हललेली. मृणालने आजवर एक आकडा कधी खोटा सांगितला नव्हता.

"येतात काकू," ती म्हणाली. "रोज, अगदी वेळेवर."

पलीकडे सुशीलाबाईंनी मोठा सुस्कारा सोडला.

"मग ठीक आहे. मी उगाच घाबरून बसले होते. घरात कुणी नाही आणि मघापासून बेल वाजून राहिली. फोन ठेवू नको हं, दार उघडून येते."