डाव्या हाताची साखर

"भाऊ, ही साखर उलटी आहे," मॅडम म्हणाल्या.

प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलत होती आणि भाऊ एन्झाइमची लाकडी प्रतिकृती जुन्या चादरीत गुंडाळत होते. नेमणूकपत्रावर ते 'परिचर' होते. पण विभागातल्या डुगडुगत्या स्टुलांनी त्यांना केव्हाच सुताराची बढती दिली होती. विद्यार्थी पाठीमागे त्यांना 'रंधा' म्हणत.

"उलटी कशी? सव्वीस वर्षं बसतेय खळग्यात."

"बसतेय म्हणूनच म्हणते."

प्रतिकृती उशीएवढी. तिच्या पोटात खळगा, खळग्यात तीन खाचा. साखरेच्या रेणूचे लाल, काळा आणि पांढरा मणी आपापल्या खाचेत बसले, की एन्झाइमने साखर ओळखली. आरशातली साखर आणली तर दोन मणी बसतात, तिसरा बाहेर लोंबतो. उजवा हात डाव्या हातमोज्यात कोंबल्यासारखा. "कुणाला घरात घ्यायचं ते खळग्याचा आकार ठरवतो. इथे वशिला चालत नाही," असं हा विषय शिकवणारे जुने सर दर वर्षी म्हणत आणि वर्ग दर वर्षी हसे. तेव्हा मॅडमही त्या हसणाऱ्यांत होत्या, दुसऱ्या बाकावर.

"खळगाच उलटा कोरला गेलाय, भाऊ. शरीरातली साखर यात बसणार नाही."

ज्या स्लाइडवरून खळगा कोरला, ती भाऊंना आठवली. प्रोजेक्टरमध्ये त्यांनीच घातली होती आणि भिंतीवर पडलेलं चित्र त्यांनीच गिरवून घेतलं होतं. स्लाइडवर एकही अक्षर नव्हतं. उलटी गेल्याचं कळणार कसं?

"पण साखर मी सरांच्या वहीतून केली होती. ती सुलटच होती."

"मग बसली कशी?"

दोघांनी साखर खिडकीपाशी नेली. लाल आणि काळ्या मण्यांची अदलाबदल झाली होती; तेवढ्यानं सुलट साखर आरशातली झाली होती. डिंकाचे ओघळ, एक मणी तिरका. कुणा कार्ट्यानं तोडून गुपचूप चिकटवलंय, असंच भाऊ इतकी वर्षं समजत होते. पण नीट पाहिल्यावर शंका उरली नाही. इतकं वाईट काम विभागात एकाच माणसाला जमत असे. खिळा ठोकायला घेतला, की सर अंगठा ठोकून घेत.

"मला सांगायचं ना," भाऊ हळूच म्हणाले. "पुन्हा कोरला असता."

"दोन महिने खपला होतात तुम्ही. म्हणूनच नसेल सांगितलं."

सर जाऊन चार वर्षं झाली होती. भांडायचीही सोय राहिली नव्हती.

"नव्या वर्गात ही नको, भाऊ. मी हिच्यावरच पूर्ण मार्क मिळवलेत, तरी नको. आता रेणू स्क्रीनवर फिरवून दाखवता येतो."

"स्क्रीनमध्ये बोट घालता येतं?"

मॅडमनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्यांनी नकळत खळग्यात बोट घातलं होतं.

"निवृत्तीला अडीच महिने आहेत," भाऊ म्हणाले. "कोरायला दोन पुरतील."

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पुस्तकातलं चित्र ठोकळ्यावर उतरवलं. पटाशी उचलली, खाली ठेवली आणि ठोकळा घेऊन मॅडमच्या टेबलापाशी गेले.

"आधी तपासा. चुकलं असेल तर तोंडावर सांगा. मला चालतं."

मॅडमनी चष्मा लावला आणि पुस्तक शेजारी उघडून एकेक रेष पडताळू लागल्या.

"बसा ना, भाऊ."

"नको."

भाऊ उभेच राहिले, हात मागे बांधून, तोंडी परीक्षेला आल्यासारखे.